विश्लेषण : जुना ‘डिजिकॅम’ जवळपास दुप्पट किमतीला का विकला जातोय? स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात नेमके काय मिळते?

‘कॅनन’ कंपनीने २०२५ च्या उत्तरार्धात एक ‘नवा’ कॅमेरा बाजारात आणला. नाव ‘पॉवरशॉट एल्फ ३६० एचएस ए’. शर्टाच्या खिशात मावेल एवढा, २० मेगापिक्सेलचा, १२ पट ऑप्टिकल झूम असलेला. हाच कॅमेरा कंपनीने २०१६ मध्ये आणला होता. भारतात आणि युरोपात तेव्हा तो ‘इक्सस २८५ एचएस’ या नावाने ओळखला जाई. सेन्सर, लेन्स आणि आतला प्रोसेसर तोच. बदल इतकाच, की साध्या एसडी कार्डाऐवजी आता बारीक मायक्रो एसडी कार्ड लागते आणि वाय-फायच्या काही सोयी वगळल्या आहेत. अमेरिकेत २०१६ मध्ये त्याची किंमत सुमारे २१० डॉलर होती, नव्या अवताराची सुमारे ३८० डॉलर. त्या-त्या वेळच्या विनिमय दराने पाहिले तर १४ हजारांचा कॅमेरा ३३ हजारांवर गेला. अमेरिकेतील महागाई हिशेबात धरली तरी जुने २१० डॉलर आज सुमारे २८० होतात. वरचे शंभर डॉलर कशाचे, आणि ते मोजायला लोक तयार का आहेत?

विक्रीचा आलेख काय सांगतो?

जपानमधील कॅमेरा उत्पादकांची संघटना ‘कॅमेरा अँड इमेजिंग प्रॉडक्ट्स असोसिएशन’ (सिपा) दरवर्षी सदस्य कंपन्यांच्या कॅमेऱ्यांची आकडेवारी प्रसिद्ध करते. २०१० मध्ये या कंपन्यांनी न बदलता येणाऱ्या लेन्सचे, म्हणजे कॉम्पॅक्ट प्रकारातील, सुमारे १० कोटी ८६ लाख कॅमेरे जगभर पाठवले. २०२३ मध्ये हाच आकडा १७ लाखांच्या आसपास होता. शंभरातले ९८ गेले. ‘कॅसिओ’ने २०१८ मध्ये कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांचा धंदा बंद केला. पाठीमागे पडदा असलेला ‘क्यूव्ही-१०’ १९९५ मध्ये याच कंपनीने आणला होता, आणि फोटो काढल्याक्षणी तो बघायची सवय घराघरांत लागली ती तिथून. ‘ऑलिम्पस’ने २०२० मध्ये कॅमेरा विभागच विकायला काढला. बाकीच्यांनी स्वस्त कॅमेऱ्यांची नवी मॉडेले काढणे हळूहळू थांबवले.

यानंतर २०२४ मध्ये हा आकडा पुन्हा वाढला, सुमारे १८ लाख ८० हजारांवर गेला. दहा टक्क्यांच्या आसपासची ही वाढ २०१० च्या तुलनेत नगण्य आहे. पण ज्या वस्तूची दशकभर फक्त घसरणच चालू होती, तिची मागणी वर वळली ही बातमीच होती.

हे कारखान्यांच्या लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता. लाखोंच्या संख्येने माल काढणाऱ्या जोडणीच्या साखळ्या मोडीत निघाल्या होत्या. कमी संख्येत काढलेला माल नगामागे महाग पडतो. त्यात अमेरिकेने २०२५ मध्ये वाढीव आयातशुल्क लादले. वरच्या शंभर डॉलरमधला मोठा भाग या दोन गोष्टींत जातो. उरलेला भाग मात्र मागणीचा आहे. दुकानात माल नाही आणि रांग लागली आहे, हे दिसल्यावर किंमत खाली ठेवण्याचे कंपनीला काही कारण नसते.

ही मागणी आली कुठून?

सुरुवात महागड्या कॅमेऱ्यांपासून झाली. ‘फुजीफिल्म’चा ‘एक्स १०० व्ही’ २०२२ च्या सुमारास टिकटॉकवरील चित्रफितींमुळे एवढा गाजला, की तो मिळेनासा झाला. ‘कॅनन’च्या २०१९ मधील ‘जी ७ एक्स मार्क ३’चेही तेच झाले. कंपनीला जपानमध्ये काही काळ नव्या मागण्या नोंदवून घेणे थांबवावे लागले. लाखाच्या घरातले हे कॅमेरे ज्यांना परवडत नव्हते त्यांनी घरातली कपाटे उघडली. आई-वडिलांनी २००८ किंवा २०१० मध्ये घेतलेला ‘सायबरशॉट’ किंवा ‘कूलपिक्स’ बाहेर निघाला, बॅटरी चार्ज झाली आणि त्यातले समोरून फ्लॅश मारलेले, किंचित भडक फोटो इन्स्टाग्रामवर दिसू लागले.

२००० नंतर जन्मलेल्या पिढीला या फोटोंमध्ये स्वतःच्या लहानपणीचे अल्बम दिसतात, हे एक कारण. दुसरे कारण जास्त व्यावहारिक आहे. फोनचा कॅमेरा आता एक फोटो काढतच नाही. बटण दाबण्याच्या आधी-नंतर तो अनेक चौकटी टिपतो, त्या एकमेकींवर बसवतो, सावल्या उजळतो, आकाश गडद करतो, कातडी गुळगुळीत करतो. निकाल बहुतेक वेळा उत्तम असतो, पण सगळ्यांचे सगळे फोटो सारखे दिसू लागतात. जुन्या डिजिकॅमकडे हे करण्याइतकी ताकदच नाही. तो एक चौकट टिपतो आणि जे मिळाले ते देतो.

‘कोडॅक’ तर बंद पडली होती ना?

नव्याने मिळणाऱ्या स्वस्त कॅमेऱ्यांत आज सर्वाधिक दिसणारे नाव ‘कोडॅक’चे आहे, आणि इथे ग्राहकाची सर्वांत जास्त गफलत होते. डिजिटल कॅमेरा प्रथम बनला तो ‘ईस्टमन कोडॅक’मध्येच. स्टीव्ह सॅसन या अभियंत्याने १९७५ मध्ये बनवलेले ते यंत्र सुमारे साडेतीन किलोंचे होते. त्याचा फोटो ०.०१ मेगापिक्सेलचा असे आणि तो कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. कंपनीचा पैसा फिल्ममध्ये होता, त्यामुळे डिजिटलकडे तिने मनापासून पाहिले नाही. जानेवारी २०१२ मध्ये तिने दिवाळखोरीपासून संरक्षण मागितले आणि त्याच वर्षी डिजिटल कॅमेरे बनवणे थांबवले.

आज ‘कोडॅक पिक्सप्रो’ नावाने येणारे कॅमेरे ‘जेके इमेजिंग’ ही कंपनी नावाचा परवाना घेऊन विकते. त्यातला ‘एफझेड ५५’ १६ मेगापिक्सेलचा आणि पाच पट ऑप्टिकल झूमचा आहे, ‘एफझेड ४५’ चार पट झूमचा आणि दोन साध्या पेन्सिल सेलवर चालणारा. २०२५ मध्ये आलेला ‘सी १’ ९९ डॉलरचा, म्हणजे नऊ हजार रुपयांच्या आतला. त्याचा पडदा वर उलटतो, पण झूम मुळीच नाही. त्याच वर्षी ‘चार्मेरा’ नावाचा किल्लीच्या जुडग्याला अडकवायचा १.६ मेगापिक्सेलचा कॅमेरा ३० डॉलरला आला. तो दुसऱ्याच परवानाधारकाचा आहे. खेळणे म्हणून गमतीचा. त्याकडून यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नये. चारही डब्यांवर तेच पिवळे-लाल नाव आहे, आत वेगवेगळ्या दर्जाच्या वस्तू आहेत.

फोनपेक्षा फोटो चांगला येतो का?

बहुतेक वेळा नाही. दुकानदार हे सांगत नाही आणि समाजमाध्यमांवरचे ‘रिव्ह्यू’ही सहसा टाळतात.

फोटोचा दर्जा मुख्यतः किती प्रकाश गोळा झाला यावर ठरतो, आणि ते ठरते सेन्सरचा आकार व लेन्सचे छिद्र यांवर. स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये साधारणपणे ‘१/२.३ इंच’ नावाचा सेन्सर असतो. हे नाव फसवे आहे. जुन्या काळी टीव्हीच्या कॅमेऱ्यात काचेची नळी असे, तिच्या बाहेरच्या व्यासावरून ही मोजणी चालत आली. प्रत्यक्षात या सेन्सरची लांबी ६.२ मिलिमीटर आणि रुंदी ४.६ मिलिमीटर, क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मिलिमीटर. करंगळीच्या नखाहूनही लहान. पंधरा-वीस हजारांच्या आजच्या फोनमधला मुख्य सेन्सर साधारण याच मापाचा किंवा थोडा मोठा असतो. महागड्या फोनमधला ‘१/१.३ इंची’ सेन्सर सुमारे ७० चौरस मिलिमीटरचा, म्हणजे अडीच पट. गाजलेल्या ‘जी ७ एक्स’मध्ये ‘एक इंची’ सेन्सर आहे, त्याचे क्षेत्रफळ ११६ चौरस मिलिमीटर. ‘कॉम्पॅक्ट’ या एकाच शब्दाखाली विकल्या जाणाऱ्या दोन वस्तूंत चौपट फरक असतो तो असा.

आता लेन्सचे छिद्र. महागड्या फोनच्या मुख्य लेन्सवर एफ १.८ असा आकडा असतो. आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त, आणि तो वर्गाच्या पटीत. ‘एल्फ ३६०’ची लेन्स एफ ३.६ पासून सुरू होते. आकडा दुप्पट, म्हणजे सेन्सरच्या प्रत्येक भागावर प्रकाश एक चतुर्थांश. त्यात सेन्सर अडीच पटीने लहान. एकंदर, तेवढ्याच वेळात हा कॅमेरा महागड्या फोनच्या सुमारे एक दशांश प्रकाश गोळा करतो. शिवाय फोन अनेक चौकटी जोडून उरलेली कसर भरून काढतो. संध्याकाळी दिवे लागल्यावर घरात, फ्लॅशशिवाय, हा कॅमेरा फोनपुढे टिकत नाही. खिडकीपाशी उभ्या माणसाचा फोटो काढला तर चेहरा काळा किंवा आकाश पांढरे, दोन्हींपैकी एक पत्करावे लागते.

वेगाचेही तसेच. बटण दाबण्यापूर्वीच फोन चौकटी साठवत असतो, त्यामुळे क्षण निसटत नाही. स्वस्त कॉम्पॅक्ट बटण दाबल्यावर फोकस शोधतो आणि मग टिपतो. तोवर मूल हसून झालेले असते. बटण अर्धे दाबून ठेवायचे आणि क्षण आला की पूर्ण दाबायचे, ही जुनी युक्ती पुन्हा शिकावी लागते.

मग पैसे नेमके कशाचे?

एका गोष्टीचे नक्की, आणि ती म्हणजे हलणारी लेन्स. कॅमेरा सुरू केला की पुढे येणारे ते नळकांडे हीच या यंत्रातली खरी किंमत आहे. त्यातली भिंगे मागे-पुढे सरकतात आणि लांबचे दृश्य पूर्ण सेन्सरवर मोठे पडते. स्वस्त फोनमध्ये अशी लेन्सच नसते. पडदा बोटांनी फाकवला की फोन मधला तुकडा कापून मोठा करून दाखवतो, एवढेच.

फरक किती ते हिशेबाने कळते. ‘एल्फ ३६०’चा झूम पूर्ण ताणल्यावर ३०० मिलिमीटरच्या लेन्सइतके दृश्य मिळते. शाळेच्या स्नेहसंमेलनात रंगमंचापासून १५ मीटरवर, मागच्या ओळीत बसलेल्या पालकाला या झूममध्ये १.८ मीटर रुंदीचा तुकडा दिसेल. म्हणजे नाचणाऱ्या पंचवीस मुलांमधून आपले एकच मूल चौकटीत घेता येते. फोनच्या मुख्य लेन्समध्ये त्याच जागेवरून २० मीटरहून रुंद दृश्य येते. त्यात रंगमंच, पडदा, झालर आणि पुढच्यांची डोकी सगळेच असते. भिगवणला उजनीच्या पाण्यात शंभर मीटरवर उभे असलेले रोहित पक्षी या झूममध्ये १२ मीटरच्या चौकटीत येतात. त्यातून पक्ष्याचे पीस दिसणार नाही, पण थवा दिसेल. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात सफारीदरम्यान मोबाइलवर निर्बंध आहेत, कॅमेऱ्याला मुभा आहे. तिथे तीस मीटरवरचा वाघ नाकापासून शेपटीपर्यंत जेमतेम बसेल अशी चौकट या खिशातल्या डबीतून मिळते.

पण पूर्ण झूमवर याच लेन्सचे छिद्र एफ ७ वर जाते आणि प्रकाश पुन्हा एक चतुर्थांश होतो. पहाटेच्या धूसर उजेडात वाघ दिसला तर फोटो दाणेदार आणि बहुधा हललेला येईल. उन्हात मात्र हा झूम पैसे वसूल करतो. महाग फोनमध्ये आता पाच पटीपर्यंतची वेगळी झूम लेन्स असते. तसा फोन हातात असणाऱ्याने स्वस्त कॉम्पॅक्ट झूमसाठी घेण्यात फारसा अर्थ नाही.

दुसरी गोष्ट फ्लॅशची. फोनमध्ये एलईडी दिवा असतो. तो पेटून राहतो आणि मंद असतो. कॉम्पॅक्टमध्ये झेनॉन वायूची नळी असते. ती सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास लखकन पेटून विझते, म्हणून अंधारात नाचणारा माणूसही गोठल्यासारखा स्पष्ट येतो. तीन-चार मीटरपर्यंतच तिचा जोर. त्यापलीकडे काळोख. समाजमाध्यमांवर ज्याला ‘डिजिकॅम लूक’ म्हणतात त्याचा बराचसा भाग म्हणजे हा समोरून पडलेला झेनॉन फ्लॅश आणि त्यामागचा काळोख.

जुन्या कॅमेऱ्यांतील ‘सीसीडी’ सेन्सरमुळेच रंग वेगळे येतात, असा समज या लाटेत पक्का झाला आहे आणि त्यावर सेकंडहँड बाजारात किमतीही चढल्या आहेत. सेन्सर सीसीडी असो वा सीमॉस, तो फक्त प्रकाश मोजतो. रंग ठरतात ते त्याच्यासमोरची गाळणी, पांढऱ्या रंगाचा अंदाज आणि कंपनीने फोटो तयार करताना वापरलेली रंगसंगती यांवर. ‘सीसीडी’ या तीन अक्षरांसाठी दोन-चार हजार जादा मोजण्याचे कारण नाही.

‘४८ मेगापिक्सेल, ४के, १६ एक्स’ अशा जाहिरातींचे काय?

ऑनलाइन बाजारात चार ते आठ हजार रुपयांत अनोळखी नावांचे कॅमेरे मिळतात आणि त्यांवर मोठमोठे आकडे असतात. बहुतांश आकडे फुगवलेले असतात. आत पाच, आठ किंवा तेरा मेगापिक्सेलचा बारीक सेन्सर असतो. कॅमेरा दोन बिंदूंच्या मध्ये अंदाजाने आणखी बिंदू घालतो आणि फाइल ‘४८ मेगापिक्सेल’ची करतो. याला ‘इंटरपोलेशन’ म्हणतात आणि तपशीलपत्रकाच्या तळाशी कधीकधी तो शब्द बारीक अक्षरात असतोही. फाइल फुगते, तपशील वाढत नाही. ‘१६ एक्स झूम’ हा तर निव्वळ डिजिटल झूम, म्हणजे फोनवर बोटांनी फाकवण्याचाच प्रकार.

ओळखायचे कसे? लेन्सभोवतीच्या कड्यावर मिलिमीटरमध्ये आकडे कोरलेले असतात. ‘एल्फ ३६०’वर ४.५ ते ५४ असे आहेत. मोठ्याला लहानाने भागले की १२, तोच खरा झूम. कड्यावर एकच आकडा असेल किंवा सुरू केल्यावर लेन्स हलतच नसेल, तर ऑप्टिकल झूम नाही हे बहुतेक पक्के. फ्लॅशच्या जागी पिवळसर ठिपका असलेला दिवा दिसला तर तो एलईडी. झेनॉनला चकचकीत आरशासमोर आडवी काचनळी असते. कॅमेरा हातात असेल तर वर्तमानपत्राचे पान भिंतीला लावून तीन-चार फुटांवरून दोन फोटो काढावेत, एक सर्वांत मोठ्या आकड्यावर आणि एक बाराच्या आसपासच्या. दोन्ही मोठे करून पाहिल्यावर बारीक अक्षरे सारखीच वाचता येत असतील, तर वरचा आकडा कागदावरचा.

मेगापिक्सेलची एवढी गरज तरी कुणाला असते? अल्बममधल्या चार बाय सहा इंची छपाईला दोन मेगापिक्सेलच्या थोडे वर पुरतात. ए-४ आकाराच्या चांगल्या छपाईला नऊच्या आत. फोनच्या पडद्यावर बघायला दोन-अडीच खूप झाले.

भारतात खरेदी करताना काय बघावे?

डिजिटल कॅमेऱ्यांवरील जीएसटी सुरुवातीला २८ टक्के होता. १ जानेवारी २०१९ पासून तो १८ टक्के झाला. मोबाइलवरही सध्या तेवढाच आहे. पण फोन मोठ्या संख्येने भारतात जोडले जातात, कॉम्पॅक्ट कॅमेरे बहुतेक आयात होतात. आयातीचीही एक गमतीदार कहाणी आहे. अनेक कॅमेऱ्यांत चित्रीकरण २९ मिनिटे ५९ सेकंदांवर आपोआप थांबते, कारण युरोपात सलग अर्धा तास चित्रीकरण करणारे यंत्र ‘व्हिडीओ कॅमेरा’ ठरून त्यावर जादा शुल्क लागे. भारतातही अशाच चित्रीकरणाच्या अटींवरून शुल्कसवलतीचा वाद झाला आणि तो ‘कॅनन इंडिया’ खटल्याच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने या प्रकरणात नोटीस बजावणारे महसूल गुप्तचर संचालनालयाचे अधिकारी त्यासाठी ‘योग्य अधिकारी’ नाहीत असे म्हटले. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुनर्विलोकनात तो निष्कर्ष फिरवला गेला. कॅमेऱ्याच्या एका अटीवरून सुरू झालेल्या खटल्याने देशभरातील सीमाशुल्काच्या असंख्य नोटिसांचे भवितव्य तीन वर्षांहून अधिक काळ टांगणीला ठेवले.

ग्राहकाच्या कामाची गोष्ट अशी, की भारतात विकल्या जाणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याला भारतीय मानक ब्युरोची (बीआयएस) नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर किंवा डब्यावर ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो आणि तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. डब्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, आयातीचा महिना व वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असावी लागते. हे नसेल तर माल ‘ग्रे मार्केट’चा, म्हणजे परदेशातून परस्पर आणलेला, असण्याचा संभव मोठा. तो दोन-तीन हजारांनी स्वस्त पडतो, पण कंपनीची हमी बहुधा ज्या देशात विक्री झाली त्या देशापुरती असते. बिघडला की भारतातील सेवा केंद्र हात वर करू शकते. पक्के बिल घ्यावे. तक्रार करायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि बिल नसेल तर तिथेही बाजू लंगडी पडते.

जुना कॅमेरा घेणे शहाणपणाचे का?

बऱ्याचदा होय, पण बघून घेतला तर. मुंबईत फोर्टमधील बोरा बाजार किंवा दिल्लीत चांदनी चौकातील कुचा चौधरी इथे जुने कॅमेरे हाताळून घेता येतात. सोनीचा ‘डब्ल्यू ८३०’ हा २०१४ चा, आठ पट झूमचा कॅमेरा नवा असताना दहा हजारांच्या आत-बाहेर मिळे. सुस्थितीतला असा नग आज नव्या नऊ हजारी कॅमेऱ्यापेक्षा बहुधा सरस ठरेल, कारण त्याला खरी झूम लेन्स आणि खरा फ्लॅश आहे.

दुकानात उभ्या-उभ्या कॅमेरा पाच-सहा वेळा बंद-चालू करावा. नळकांड्यात वाळू किंवा धूळ गेली असेल तर ते अडकते आणि पडद्यावर ‘लेन्स एरर’ येतो. त्याची दुरुस्ती कॅमेऱ्याच्या किमतीइतकी जाते. मग झूम पूर्ण ताणून पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्यावा. त्यात राखाडी डाग दिसले तर धूळ आत सेन्सरवर आहे. लेन्समधून उजेडाकडे बघताना कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत कपाटात दहा वर्षे पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात ती हमखास सापडते. विकत घेतलेला कॅमेराही पावसाळ्यात कातडी पाकिटात ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत तो बरा राहतो.

कार्ड आणि बॅटरी या दोन गोष्टींत लोक हमखास अडकतात. जास्त क्षमतेची ‘एसडीएचसी’ कार्डे २००६ मध्ये आली. त्याआधीचे कॅमेरे साधारण दोन जीबीपर्यंतचीच एसडी कार्डे ओळखतात, आणि ती आता शोधावी लागतात. ऑलिम्पस-फुजीची ‘एक्सडी’ कार्डे आणि सोनीची ‘मेमरी स्टिक’ तर त्याहून दुर्मीळ. कार्ड सोबत मिळत नसेल तर कॅमेरा कितीही स्वस्त असला तरी सोडून द्यावा. मूळ बॅटऱ्या बहुतेक मॉडेलांच्या बंद झाल्या आहेत, पर्यायी कंपन्यांच्या मिळतात. ‘एल्फ ३६०’सारखा नवा कॅमेरासुद्धा एका चार्जवर दोनशेच्या आतच फोटो काढतो. जुन्या बॅटरीवर याच्या निम्मे आले तरी पुष्कळ. पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा इथे बाजी मारतो. आठवडाभराच्या प्रवासात कुठल्याही टपरीवर त्याचे पोट भरते.

फोटो फोनवर आणायचे कसे?

‘कोडॅक’च्या ‘एफझेड’ मालिकेत वाय-फाय नाही. बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांतही नाही. दोन-चारशे रुपयांचा टाइप-सी कार्ड रीडर घ्यायचा, कार्ड काढून फोनला जोडायचे, हवे ते फोटो उतरवून घ्यायचे. अनेकांना तो दहा मिनिटांचा उशीरच आवडतो. सहलीत फोटो काढताना सूचना, संदेश आणि रील्स मध्ये येत नाहीत. काही घरांत आठ-दहा वर्षांच्या मुलाला फोनऐवजी असा कॅमेरा दिला जातो तो यामुळेच.

पहिल्या दिवशीच तारीख आणि वेळ मात्र लावून घ्यावी. या कॅमेऱ्यांना नेटवर्क नसते आणि बॅटरी बराच काळ बाहेर राहिली की आतले घड्याळ मूळ तारखेवर जाते. मग यंदाच्या दिवाळीचे फोटो फोनच्या गॅलरीत सर्वांत तळाशी, दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या एक जानेवारीखाली जाऊन बसतात आणि सापडत नाहीत.